मयताचा रकाना

वडील गेल्यावर आईला घेऊन वारसाचा अर्ज करायला तुडीलहून महाडला गेलो, त्या दिवसापासून कचेरीत अर्ज कागदावर घेणं बंद झालं.

कचेरीसमोर बसून आमच्या गावाचे अर्ज लिहून देणारे गृहस्थ टेबलावर संगणक मांडून बसले होते. प्रत्येक रकाना ते मोठ्याने वाचून भरत. मयताचं नाव मात्र घरच्या माणसालाच लिहायला लावत.

"कागद नाय?" आईने विचारलं.

"नाय वहिनी. आता हितंच भरायचं, छापायचं पन नाय."

मयताचा रकाना आला तसा त्यांनी कळफलक माझ्यापुढे सरकवला. आईने वडिलांचं नाव कधी घेतलं नव्हतं. मी एकेक अक्षर शोधून ते टाकलं.

"कुठं हाय नाव?" आईला वाचता येत नव्हतं. त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने दाखवलं. तिने काचेवर बोट ठेवलं.

"आटपा की," मागून कुणी म्हणालं.

"थांब रे. एकदा अर्ज पाठवला की वहिनींना नाव परत दिसायचं नाय."

आईने बोट उचलेपर्यंत त्यांनी बटण दाबलं नाही.

आता ते गृहस्थ नाहीत, आईही नाही. अर्जाचा क्रमांक त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिला होता. ती चिठ्ठी माझ्याकडे आहे.