फौजेच्या तळावरली मेथी

आमचे मोठेबाबा शालिकराम गेले त्याले आता महिना होत आला. वाशीमच्या बाजारात त्याइची मेथी, त्याइचा सांबार, म्हनजे कोथिंबीर, सारे वळखत. पन तिकडं लडाखात, फौजेच्या विमानतळावर त्याइनं मेथी उगवली, हे घराबाहेर कोनाले ठाव नाही.

भाजीची वाडी तिघा भावात वाटल्या गेली, वाट्याच्या तुकड्यावर पोट भरेना, तवा मोठेबाबा एका ठेकेदाराच्या मागं तिकडं गेले, मेसात भांडे घासाले. तो तळ म्हनजे दुनियेचं टोक. चारीकडं बोडके पहाड, मधात एक सपाट पट्टी. मेसातला जुना आचारी त्याइले सांगे, बासष्टच्या लढाईत फौजेनं हातानं गोटे उचलून हे पट्टी केली. लढाई सरली आन पट्टी ओस पडली, कितीक वर्स तिथं एक चाक टेकलं नाही. मंग सरहद्दीवर पुन्हा कुरबुर सुरू झाली तवा विमानं उतराले लागले. थंडीत रस्ता बंद, मंग पीठ, घासलेट, दवाई सारं विमानानं येते आन बिमार जवान त्याच विमानानं खाली जाते. ढग आले का विमान नाही. विमान नाही तं भाजी नाही. डब्यातले वाटाणे खाऊन खाऊन पोरं इटून गेल्ते.

एक दिवस बादल नावाचा जवान, मेडशीजवळच्या तांड्यावरचा, ताट सरकवून उठला. मोठेबाबा म्हने, "काहून रे, उपास हाय का?"

"काका, हिरवं पान पाह्यल्याशिवाय घास उतरत नाही आता. घरी माय मेथी वाढे तं मी नाक मुरडो."

ते मोठेबाबाच्या डोक्यात बसलं. जन्म गेला लोकाइले भाजी खिलवन्यात, आन आपल्याकडचं पोरगं आपल्या डोयासमोर उपाशी उठते?

मेथीचे दाने होते त्याइच्यापाशी. जाताना मोठ्याईनं, म्हनजे त्याइच्या बायकोनं, पंचफुलाबाईनं, गुडघ्याच्या दुखन्यावर बांधून देल्ते, रोज सकायी चिमूटभर पान्यासंगं घ्याले. तेच पेराचं ठरवलं. तळावरच्या साहेबाले इचारलं तं साहेब हासले, "बाबा, यहाँ सिर्फ पत्थर उगता है।" मंग म्हने, घासलेटच्या ड्रमासाठी एक चर खंदून हाय, थंडीचं सामान घेऊन विमान येईस्तोवर तो तुमचा. उगवलं तं ठीक, नाही तं ड्रम.

मोठेबाबानं चाळून माती टाकली, सामान वाहनाऱ्या खेचराइची लीद टाकली, वर प्लास्टिकची पन्नी तानली. अर्धे दाने पेरले. रोपं बोटभर झाले, आन तिथंच मोठेबाबा चुकले. आपल्याकडं ऊन उतरल्यावर वाडीले पानी देतात. उभ्या जन्माची सवय. तसंच तिथंबी संध्याकायी पोटभर पानी देल्लं. सकायी पन्नी उचलली तं सारा चर काचेवानी, रोपं बर्फात चिपकून काये पडेल.

घरी फोन लागला, मोठेबाबानं सारं सांगितलं, तशी मोठ्याई भडकली. "ते खाले देल्ते का पेराले? गुडघे कसे हायत?"

"हायत जाग्यावर."

"आन उरलेले दाने?"

"पेरतो ना."

"बयाडले का तुमी? मंग गुडघ्यासाठी खासान काय?"

"मेथीच खाईन. उगवल्यावर."

मोठ्याई म्हने, "ऐकनार तं नाही तुमी. पेरा. पन आता पानी भर दुपारी द्या, ऊन डोक्यावर असन तवा. रातच्याले माती सुकी पाह्यजे, मंग गोठनार नाही."

उरलेले सारे दाने मातीत गेले. गुडघे सुजले, मोठेबाबा काठी टेकत चालाले लागले, पन दुपारचं कोमट पानी चुकलं नाही. संध्याकायी पन्नीवर विमानातून माल टाकाच्या जुन्या छत्रीचं कापड आन वर सोताचं कांबळं. पोरं चिडवत, "काका, लेकरू झोपवून राह्यले का?"

"व्हय बे. हयू बोला, उठन."

एक दिवस भल्या सकायी थंडीचं सामान घेऊन विमान उतरलं. ड्रम उतरले. साहेब चरापाशी आले. मोठेबाबानं कांबळं बाजूले केलं. चर हिरवागार. साहेबानं वाकून एक पान तोडलं, चावलं, आन मागं पाहून वरडले, "ड्रम उधर रखो, दीवार के पीछे!"

त्या दिवशी मेसातल्या तुरीच्या दायीत मेथी पडली. बादलनं घास घेतला. मोठेबाबानं इचारलं, "कडू लागली का?"

"लय कडू हाय काका," बादल म्हने आन ताट पुढं केलं.

मंग दर वर्सी मोठेबाबा गेले, दर वर्सी चर हिरवा झाला. यंदा घरी आले होते, वाडीतच छातीत कळ आली आन खेळ सरला.

तेरवीले बादल आला, सुट्टी काढून. मोठ्याई तेरा दिवस कोपऱ्यातून उठली नव्हती. बादल जोळ जाऊन बसला. "काकू, चर रिकामा पडून हाय. नवे साहेब म्हनतात, आता कोन पेरनार हाय, ड्रम ठेवून टाका."

"काहून ड्रम ठेवतीन?" मोठ्याई म्हने आन उठलीच. घरातून मेथीची पुरचुंडी आनली, बादलच्या हातावर ठेवली. "हे गुडघ्याचे नोहोत, पेराचे हायत. तू पेर. आन पानी दुपारी देजो बापा. संध्याकायी देल्लं तं तिथं येऊन कान उपटीन."

"या ना मंग काकू, विमान हाय आपल्यापाशी."

मोठ्याईनं पदरानं डोये पुसले. पाव्हने गेले, ऊन उतरलं, तशी ते वाडीत गेली आन मेथीले पानी देल्लं.