ओझं उतरवायचा दगड

काळुरामकाका आयुष्यात फार कमी बोलले, आणि जे बोलले त्यातला एक शब्द त्यांना फार जड गेला. तो शब्द म्हणजे ‘जुना’.

त्यांचं गाव शीळफाट्याच्या अलीकडे, डोंगराला लागून. भातशेती होती, तिच्यावर आता गोदामं उभी आहेत. तरुणपणी काका पावसाळ्यात शेती करत आणि उरलेले आठ महिने डोंगरातल्या दगडखाणीत घण मारत. त्या घणानं त्यांची बोटं इतकी रुंद झाली होती की मोबाइलवर एक आकडा दाबायला जावं तर तीन दाबले जात.

गावामागून एक पायवाट खिंडीतून पलीकडे मुंब्र्याच्या बाजाराला उतरते. पूर्वी गावातल्या बायका भेंडी-वालाच्या टोपल्या डोक्यावर घेऊन त्याच वाटेनं जात. पुढे रिक्षा आल्या आणि वाट करवंदीच्या जाळीत बुडून गेली. चार वर्षांपूर्वी डोंबिवलीच्या शुभदाताई, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, ती शोधत गावात आल्या. त्यांच्यामागून घोडबंदर रोडवरून ऋतुराज आणि त्याच्या ऑफिसातली पाच-सहा जणं येऊ लागली. हळूहळू गाव, वनखातं आणि ही रविवारची मंडळी यांच्यात रीतसर कागद झाला. गावानं वाट दाखवायची आणि झरा राखायचा, वनखात्यानं रोपं द्यायची, शहरातल्यांनी दर रविवारी येऊन अंग मोडून काम करायचं. उन्हाळ्याआधी वणवा अडवायला जाळरेषा काढायची तेवढी सगळ्यांनी मिळून.

वाट दाखवायचं काम काकांकडे आलं. ते पुढे चालत, आणि जिथे पाय आपोआप वळे तिथली जाळी कोयत्यानं तोडायला सांगत. वाट कधी चुकली नाही.

अशाच एका रविवारी जाळीतून तो दगड निघाला. दोन उभ्या दगडांवर आडवी ठेवलेली लांब शिळा, मागे दरडीला टेकलेली, आणि पायथ्याशी एक सपाट पायरी. ऋतुराज गुडघ्यांवर बसून तिच्याकडे बघत राहिला. “काका, हा किती जुना असेल हो?”

सगळे त्यांच्याकडे बघत होते. “जुना हाय,” ते म्हणाले आणि कोयता घेऊन पुढे गेले.

झालं. त्या एका शब्दाला पाय फुटले. शिळेच्या कडेला अर्धगोल खाच होती, ती दिवा ठेवायची जागा ठरली. पायरी होती म्हणजे वर देव असणार, असं निघालं. दगड दोनशे वर्षांचा झाला, मग तीनशे. कुणीतरी शेंदूर लावून गेलं. कुणाला तरी त्या बाजूनं डोंगरावर गाडीरस्ता न्यायचा होता, तो टाळायला वाटेची नोंद वारसा म्हणून व्हावी असा अर्ज शुभदाताईंनी तयार केला, आणि त्यात पहिल्याच पानावर या दगडाचा फोटो लागला. काका दर रविवारी ठरवून जायचे, आज सांगू. दर रविवारी झऱ्यातला गाळ काढून घरी यायचे.

कारण तो दगड त्यांनीच ठेवला होता, बावन्न वर्षांपूर्वी.

त्या साली काकांच्या बायकोला, बायजाबाईंना, सातवा महिना होता. बाजार कुणाला चुकत नव्हता. एके दिवशी काकांनी खाणीतून पाहिलं, बायजा वाटेवर एकटीच मागे राहिली होती आणि डोक्यावरच्या टोपलीसकट एका खैराला टेकून उभी होती. टोपली खाली ठेवली तर परत डोक्यावर चढवून द्यायला कुणी नाही, म्हणून ती तशीच उभी. काकांच्या हातातला घण थांबला. शेजारचा मारुती म्हणाला, “जा की, बाईल थकली तुजी.” सगळी खाण हसली. काकांनी घण उचलला आणि खालच्या दगडावर घातला. मान वर केली तेव्हा झाडापाशी कुणी नव्हतं.

अमावास्येला खाण बंद असे. त्या दिवशी काका पहार आणि दोन ओंडके घेऊन एकटेच गेले. सुरुंगानं सुटलेली एक शिळा त्यांनी दरडीवरून सरकवत आणली आणि दोन उभ्या दगडांवर बसवली. आता डोक्यावरची टोपली नुसती पुढे ढकलली की शिळेवर. दम खावा, पुन्हा डोकं खाली घालून उचलावी. कुणाचा हात नको. काकांनी उंचीचं माप घेतलं ते स्वतःच्या खांद्यानं.

दुसऱ्या संध्याकाळी ते ओट्यावर बायजाची वाट बघत बसले. बायजा आली ती चिडूनच.

“वाटंला कुनी मेल्यानं दगर ठेवलाय,” ती सासूला सांगू लागली. “येवरा उंच, की टोपली ठेवता ठेवता मान मोरली. स्वताच्या मापानं ठेवलाय मेल्यानं. त्याला माज्यासारकी बुटकी बाईल मिलूं दे, मंग कलंल.”

सासू खूप हसली. काका उठून बैलाला पाणी दाखवायला गेले.

त्यानंतर मी ठेवला म्हणून कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी खाणीवर जाताना त्यांनी एक सपाट दगड त्या शिळेच्या पायथ्याशी बसवला. बायजानं पायरीबद्दल कधी काही म्हटलं नाही, पण शिव्याही दिल्या नाहीत. वीस वर्षं ती तिथे टेकली.

आता माघातल्या एका रविवारी दगडापाशी लावलेल्या माहितीच्या फलकाचं उद्घाटन ठरलं. वनखात्याचे साहेब येणार होते. “काका, तुम्ही दोन शब्द बोला,” शुभदाताईंनी आदल्या दिवशी फोनवर सांगितलं.

“ताई, त्या दगराचा...” काका म्हणाले.

“हो हो, दगडाबद्दलच बोला.” आणि फोन ठेवलासुद्धा.

सकाळी काका सदरा घालून बाहेर आले तर बायजाबाई दारात तयार. गुडघ्यांमुळे त्या चार वर्षांत वाटेकडे फिरकल्या नव्हत्या. हातात ताट, ताटात नारळ आणि हळदकुंकू.

“तू कुठं?”

“देव निघालाय नं आपले वाटंवर? मना काय म्हाईत तवा. मी मेली त्याला शिव्या दिल्या. पाया पडून येते.”

चढणीवर काकांना दोनदा थांबावं लागलं. वाटेची वारसा म्हणून नोंद होवो न होवो. पण आपण ठेवलेल्या दगडाच्या पाया आपली बायको पडणार, हे त्यांच्यानं बघवणार नव्हतं.

शिळेपाशी तीस-चाळीस माणसं होती. बायजाबाई ताट घेऊन पुढे झाल्या आणि वाकू लागल्या.

“पाया पडू नको गो,” काका म्हणाले. आवाज चिरका निघाला. “ह्यो दगर मीच ठेवलाय.”

कुणी हसलं. ऋतुराजला वाटलं, काका गंमत करतायत. “काका, आणि ही दिव्याची खाच?”

“सुरुंगाचं भोक हाय ते. अर्दं फुटलेलं. खानीत जा, शंभर दावतो.”

मग ते जे बोलले ते शुभदाताईंकडे बघत बोलले, कारण बायजाबाईंकडे बघायची हिंमत नव्हती. खैर, टोपली, खाणीतलं हसणं, अमावास्या. पाच वाक्यांत संपलं. साहेब फलकावरच्या कापडाकडे बघत राहिले. ऋतुराज हळूच म्हणाला, “ताई, आपला अर्ज?”

“अर्ज मी उद्या नव्यानं लिहिते,” शुभदाताई म्हणाल्या. “बावन्न वर्षांचा दगड, ओझं उतरवायला ठेवलेला. नावासकट लिहिते. घ्यायचा तर असाच घेतील. आणि नाही घेतला, तरी रविवार आपलेच आहेत.”

बायजाबाईंनी ताट अजून धरलेलंच होतं.

“आनि ही पायरी?” त्यांनी विचारलं.

“दुसऱ्या दिशी. तू शिव्या दिल्यास नं, त्याच्यानंतर.”

“मी काय बोललेली?”

“त्याला बुटकी बाईल मिलूं दे.”

आता सगळेच हसले, साहेबसुद्धा. बायजाबाई हसल्या नाहीत. “बावन्न वर्सं तोंडात मूग धरून बसला मानूस,” त्या शुभदाताईंना म्हणाल्या, जणू काका तिथे नव्हतेच. “तवा खानीतनं खाली आला असता तं दगर तरी कशाला लागता?”

काकांनी मान खाली घातली.

बायजाबाईंनी शेजारी उभ्या असलेल्या मुलीच्या हातात नारळ दिला, रिकामं होत आलेलं ताट डोक्यावर धरलं आणि पायरीवर एक पाय ठेवला. दुसरा ठेवताना गुडघा कुरकुरला, तेव्हा काकांनी कोपर धरलं. सगळ्या गावासमोर धरलं. बायजाबाईंनी ताट पुढे ढकललं. ते शिळेच्या कडेला अडकलं. वय झालं तशी बाई आणखी दोन बोटं खाली आली होती.

“अजून उंचच हाय,” त्या म्हणाल्या.

काकांनी वळून आजूबाजूला बघितलं. दरडीखाली एक सपाट दगड पडला होता.

“ऋतुराज,” ते म्हणाले, “तुज्या गारीत पहार हाय का रे?”