आडवा नव्हे, आर्दा: बीड जिल्ह्यात एका गाण्याच्या मागावर तीन दिवस

सगळं एका कमेंटमुळं झालं. "ताई, ते आडवा न्हाई हो. माझ्या आईचं गाणं हाय ते."

आधी थोडं सांगते. आम्ही चिंचवडच्या चौघीजणी हळदीला, डोहाळजेवणाला, सोसायटीच्या गणपतीत गातो. मी कीबोर्ड वाजवते आणि तोंडही उघडते. आमचं सगळ्यात चाललेलं गाणं म्हणजे 'आडवा कोयता'. तुम्ही ऐकलेलं असणारच, वरातीत तर टळत नाही. "आडवा कोयता मी, आडवा कोयता तू, मधी येईल त्याला उभा चिरू." पहिल्यांदा ते सायरनवालं डीजेचं आलं, मग बँडवाल्यांनी उचललं, मग कॉलेजच्या पोरांनी त्यात रॅप घुसडला, आणि शेवटी आम्ही चौघींनी नऊवारी नेसून, काळे गॉगल लावून त्याचा व्हिडिओ केला. मधल्या मोकळ्या जागेत मी कीबोर्डवर अशी काही बोटं फिरवलीत की बघणाऱ्यांनी बदाम पाठवून पाठवून मला डोक्यावर बसवलं. आणि आता ही कोण बाई मला शब्द शिकवणार?

फणकाऱ्यानंच नंबर मागितला आणि फोन लावला. ती मंगल, गेवराई तालुक्यातल्या तलवाड्याची. आवाज एकदम शांत. "पुढच्या आठवड्यात माझं लगीन हाय ताई. आईची लई इच्छा, तिचं गाणं व्हावं. पण ते लागलं की पोरं हवेत कोयते नाचवत्यात. मी बँडवाल्याला सांगितलं, ते वाजवायचंच न्हाई. तवापासून आई माझ्याशी बोलंना."

"मग खरा शब्द काय आहे?"

"ती सांगना. म्हणती, जाऊ दे आता. कॅसेट परळीत निघालती, इस्माईलचाचाच्या दुकानात. मी ती कदी ऐकलीच न्हाई."

नवरा म्हणाला, "एका शब्दासाठी बीड? एप्रिलात? डोकं ठिकाणावर आहे ना?" नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या लाल गाडीत बसले.

पहिला दिवस: बीड

पुण्याहून बीडला एसटीनं सात तास धरून चाला. बायकांना अर्धं तिकीट, तेव्हा तक्रारीला जागा नाही. नगर सोडलं की झाडं पातळ होत जातात आणि खिडकीतून भट्टीसारखा वारा येतो. ओला रुमाल आणि दोन बाटल्या पाणी हवंच, माझ्याकडं एकच होती. बीडच्या स्टँडजवळ लॉज मिळतात, फक्त कूलर चालू करून बघितल्याशिवाय खोली घेऊ नका. रात्रीच्या जेवणाला येसर आमटी आणि भाकरी मागा. मी तीन वाट्या ओरपल्या आणि घामानं निथळत झोपले.

दुसरा दिवस: परळी

परळीच्या गाडीत माझ्या पुढच्या बाकावर दोन पुरुष बसले होते. एक म्हणाला, "औंदा आमच्या टोळीत बारा कोयते व्हते. आन् एक आर्दा."

दुसरा म्हणाला, "आमच्यात वीस. दोन कोयते मदीच आजारी पडले, घरी धाडावं लागलं."

मी पिशवी छातीशी घट्ट धरली. वीस कोयते! आणि आजारी कसे पडतात? पण जीभ गप्प बसेल तर ती माझी कसली. विचारलंच. दोघं आधी एकमेकांकडं बघत राहिले आणि मग असे हसले की कंडक्टरनं मागं वळून बघितलं.

"अवो ताई, कोयता म्हंजी जोडी. नवरा-बायको. ऊसतोडीला गेल्यावर दोघं मिळून एक कोयता. एकलाच माणूस आला तर आर्दा कोयता."

अर्धा. त्यांच्या तोंडी 'आर्दा'. मी मनातल्या मनात चाल लावली: आर्दा कोयता मी, आर्दा कोयता तू. कानावर कुणीतरी सणकन वाजवल्यासारखं झालं. अहो, ते प्रेमाचं गाणं होतं! आणि आम्ही गॉगल लावून त्यात माणसं चिरत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परळीला उतरलं की आधी वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात, मग जिभेवर राखेची चव येते. वैजनाथाचं दर्शन सकाळी लवकर घ्या, पायऱ्या तापल्या की तळपाय पोळतात. मी अकराला गेले आणि उड्या मारत वर चढले.

इस्माईलचाचांचं दुकान बाजारात आहे. आता तिथं मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात.

"कौनसा कव्हर पाहिजे?" चाचांनी विचारलं.

"कव्हर नको चाचा, कव्हरं चिक्कार झाली. मला मूळ पाहिजे," मी म्हणाले, आणि गाण्याचं नाव घेतलं. पण आडवा म्हटलं नाही.

त्यांनी चष्मा काढला. "आर्दा म्हणणारं गिऱ्हाईक लई सालांनी आलं, बेटा."

मग त्यांनी काउंटरखालच्या खोक्यातून कॅसेट काढली आणि एक टेपही काढला, अजून चालणारा. दुकानाच्या मागच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून त्यांनी ती भरली होती. दोन रेल्वेगाड्यांच्या मधे जेवढा वेळ मिळे तेवढ्यात गायचं, नाहीतर इंजिनची शिट्टी आत यायची. टेप खरखरला आणि एका तरण्या बाईचा आवाज आला, मोकळा, ऊन खाल्लेला.

"आर्दा कोयता मी, आर्दा कोयता तू..."

आणि पुढं कॅसिओ. तीच मोकळी जागा! पुन्हा तिची ओळ: "वाटंकडं डोळं माझं, चूल पेटंना..." आणि पुन्हा कॅसिओ.

"हा बाजा कशाला मधे मधे?" मी विचारलं.

"तिथं नवऱ्याची ओळ व्हती. नामदेवची. लाजाळू माणूस, खोलीच्या आत पाऊल टाकंना. दिवसभर बाहेर उभा राहिला. मग मीच वाजवून जागा भरून काढली. पुढं एक डीजेवाला कॅसेट घेऊन गेला, त्याला आडवा ऐकू आलं. दुसरी ओळ न्हवतीच, मग त्यानं आपल्या मनची घातली. काय बोलणार बेटा, तोवर दुनिया नाचाया लागली व्हती."

म्हणजे मूळ समजून मी जे शोधत आले होते, तेही अर्धंच. चाचांनी मला मोबाइलवर सगळं भरून घेऊ दिलं. पैसे विचारले तर रागावले, म्हणून एक कव्हर विकत घेतलं. ते माझ्या फोनला बसत नाही.

तिसरा दिवस: तलवाडा

परळीहून माजलगाव, तिथं गाडी बदलून तलवाडा. वेळा पाटीवर बघू नका, कंट्रोलरला विचारा. गावात टेकडीवर त्वरितादेवीचं देऊळ आहे, वरून सगळा मुलूख दिसतो. या दिवसांत शेतं उघडी असतात, पण ऊसतोडीहून माणसं परत आलेली असतात, त्यामुळं गाव भरलेलं वाटतं. दारोदार मांडव, हळद, शेवया वळणाऱ्या बायका.

मंगल मला घ्यायला स्टँडवर आली होती. तिची आई कौसाबाई दारात बसून जोंधळे निवडत होती. सुपातून मान वर न करता म्हणाली, "पुन्याहून आल्या व्हय? त्या गॉगलवाल्या?"

"हो. त्याच. माफी मागायला आले."

"चा घ्या."

चहा झाला. धपाटे झाले. मी म्हणाले, आत्या, एकदा म्हणून दाखवा ना. तिनं पुष्कळ आढेवेढे घेतले, मग पदर सावरला, डोळे मिटले आणि सुरू केलं.

"आडवा कोयता मी, आडवा..."

आणि थांबली. तिचं तिलाच कळलं. तोंडावर हात गेला. "आगं माय. माझ्याच तोंडात बसलं की ते! लगीनसराईत ऐकू ऐकू... मला म्हायती हाय न्हवं ते काय हाय ते, तरी जीभ तिकडंच वळती." सूप बाजूला सारून ती रडायला लागली. मंगलनं तिला धरलं. मला तर कुठं तोंड लपवू असं झालं, कारण त्या जिभेवर मीही बसले होते.

मी मोबाइल तिच्या मांडीवर ठेवला आणि परळीचं लावलं. आपला तरणा आवाज ऐकून कौसाबाई आधी दचकली, मग ओल्या डोळ्यांनी हसायला लागली. "थोरल्याच्या टायमाला मी पोटुशी. ह्ये एकलेच कारखान्याला गेलते. मुकादम म्हणायचा, आला का आर्दा कोयता. त्याचा मला लई राग यायचा. त्या रागात केलं म्या. ह्ये परत आल्यावर म्हणून दावलं, तर ह्यांनी फुडचं जोडलं."

"काय जोडलं?" मंगलनं विचारलं. लग्नाच्या वयाची पोर, आणि तिला आजवर हे माहीत नव्हतं.

"त्यांनाच इचारा. त्यांची ओळ हाय, म्या कशाला म्हणू?" कौसाबाई मंगलला नव्हे, मला म्हणाली.

नामदेवअण्णा अंगणाच्या टोकाला शेळीपुढं पाला टाकत होते. आमच्याकडं पाठ. मंगल म्हणाली, "अण्णा, म्हणा की." अण्णांनी मानही वळवली नाही. कौसाबाईनं डोळ्यांनीच तिला गप्प केलं आणि स्वतः पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. या वेळी आर्दा. अगदी नीट, आर्दा. आणि थांबली. परळीला जिथं कॅसिओ वाजला होता, तिथं तिच्या अंगणात काहीच वाजलं नाही. मला अवघडल्यासारखं झालं.

मग पाठमोऱ्या अण्णांचा घोगरा, बसका आवाज आला.

"फड सरंना गं, घरी कसा येऊ."

कौसाबाईनं पुढची ओळ घेतली, वाटंकडं डोळं माझं, चूल पेटंना. आणि अण्णा, अजून पाठमोरेच:

"एकल्याच्या हातानं गं मोळी आवळंना."

शेळीनं पाला ओढून घेतला तेव्हा ते वळले आणि आम्ही तिघी रडताना दिसल्यावर म्हणाले, "काय लावलंय ह्ये? पावनीला जेवाया वाढा."

मंगलनं पदरानं डोळे पुसले, फोन उचलला आणि बँडवाल्याला सांगितलं, गाणं घ्यायचंय. "न्हाई वो, ते न्हाई. आईचं. संध्याकाळी घरी या, चाल बसवू." कौसाबाई तिच्याकडं बघत होती. चार दिवसांनी मायलेकी एकमेकींशी बोलल्या, आणि बोलल्या ते बुंदी किती करायची यावर.

घरी

परतीला बीड-पुणे रातराणी घेतली. कंबर मोडली, पण पैसा वसूल. खर्च म्हणाल तर तीन दिवसांत दोन लॉज, सहा एसट्या आणि जेवण मिळून सोसायटीतल्या एका भिशीपेक्षा कमीच आला. जायचं तर एप्रिलातच जा, माणसं घरी असतात.

आल्या आल्या व्हिडिओ काढून टाकला. मैत्रिणी भडकल्या. नवरा म्हणाला, "अगं, एवढ्या लोकांनी बघितलेला!" जीव माझाही कळवळला, खोटं कशाला बोलू? शेवटी पूर्ण अर्ध्या दिवसाची उदासी काढली. मग तिघींना बसवून सगळं सांगितलं, शब्द लिहून दिले. पण तालमीला बसलो की माझी बोटं कीबोर्डवर अडखळायची. आपला हा हक्क आहे का, तेच कळेना.

लग्नाच्या दिवशी माझा कार्यक्रम होता, जाता आलं नाही. संध्याकाळी मंगलचा फोन आला. मागं वाजंत्रीचा गोंगाट. नवरी ओरडूनच बोलत होती. "ताई! अण्णा म्हणले! मांडवात, सगळ्यांकडं तोंड करून! पोरं कोयते नाचवायला उठलीती, ऐकून खाली बसली!"

मग फोन कौसाबाईनं घेतला. मी तिला म्हटलं, आत्या, आता हे गाणं तुमचंच राहू दे, आम्ही नाही गात.

"कावून?" ती एकदम चिडली. "न्हाई गायलं तर पुन्यात कुणाला कळंल, कोयता म्हंजी दोघं असत्यात? म्हणा तुमी. चुकलं तर हाय ना मी."