काट्यावरची घंटी

कोरेगावचे मानसिंग पंधरा वर्षं फौजेत सिग्नलमध्ये होते. पेन्शनीत निघाले तेव्हा आष्ट्याजवळच्या एका साखर कारखान्यानं त्यांना टेलिफोनच्या कामावर घेतलं. साल १९७४. आवारात नवा बोर्ड बसत होता. सांगलीहून येणारी लाइन या बोर्डावर यायची आणि तिथून आतल्या बारा फोनांना जोडली जायची. ही सगळी जोडणी मानसिंगरावांनी एकहाती पुरी केली.

आठवडाभरातच शेतकी ऑफिसाची तक्रार आली. वजनकाट्यावरचा कारकून गुंडा फोन उचलत नाही. चारदा फोन केला, उत्तर नाही. उसाच्या गाड्या उन्हात ताटकळल्या. गुंडाकडं लेखी खुलासा मागितला होता.

मानसिंगराव काट्यावर गेले. गुंडा मान खाली घालून म्हणाला, "आवं, वाजलाच न्हाई तर उचलू काय? मी करतो तवा नीट लागतो. पर माझं कोण ऐकतंय?"

त्यांनी फोन उघडला. घंटीची बारीक तार स्क्रूखाली बसलीच नव्हती. त्यामुळं इथून बोर्डाला फोन लागत होता, बोर्डाकडून आलेला मात्र वाजत नव्हता. जोडणीच्या दिवशी त्यांनी इथूनच विचारलं होतं, "ऐकू येतंय का?" बोर्डावरून 'होय' आलं आणि ते पुढच्या फोनकडं वळले. उलट बाजूनं तपासायचं राहून गेलं.

तार आवळायला मिनिटभर लागलं. पण ते तिथंच स्टुलावर बसून राहिले. फौजेत असताना एका चौकीकडून उत्तर येईना, म्हणून त्यांनी वहीत 'चौकी गप्प' असं लिहिलं होतं. तिथल्या बिराप्पा नावाच्या जवानाला शिक्षा झाली. दोष तारेचा होता, हे मानसिंगरावांना दोन दिवसांनी कळलं. ते बोलले नाहीत. बिराप्पाची बदली झाली, पुन्हा गाठ पडली नाही.

ते उठून थेट शेतकी ऑफिसात गेले.

"सायेब, गुंडाची चूक न्हाई. माझी हाय. मी एकाच बाजूनं तपासलं. तो खुलाशाचा कागद माझ्या नावावर करा."

साहेबांनी खरंच तसं केलं आणि वर लेखी ताकीदही दिली. संध्याकाळी मानसिंगरावांनी ताकीदपत्र बायकोला, मनुबाईला, वाचून दाखवलं.

"सही केली?" तिनं विचारलं.

"केली."

"बरं केलंत. हात धुवा, भाकरी निवतीया."