वाळवंटातली बर्फगाडी आणि चार लिटरला सव्वाशे मिली ऑइल

बहारीनला जायचं ठरलं ते दादाच्या एका फोनमुळे.

"तुझी स्कूटर अजून चालते ना गं? ऑइल तूच मिसळतेस ना पेट्रोलमध्ये?"

"मीच मिसळते. का रे?"

"मग रजा टाक आणि ये. इथे एक बर्फावरची गाडी सुरू करायची आहे."

"बहारीनमध्ये बर्फ?"

"बर्फ मफी, म्हणजे नाही. गाडी आहे."

माझा थोरला भाऊ विजयदादा तिकडे मेकॅनिक आहे. आयुष्यभर मोटारी दुरुस्त केल्या, पण टू-स्ट्रोक इंजिनाला हात लावून त्याला बरीच वर्षं झाली होती. मी मात्र चिपळुणात अजून जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरवर बँकेत जाते. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, तेच इंजिनाला वंगण. कमी पडलं तर पिस्टन जाम, जास्त पडलं तर धूर आणि काळा प्लग.

व्हिसा ऑनलाइन मिळाला. मुंबईहून थेट विमान आहे, साडेतीन तासांच्या आत पोचतं. ऑइलची एक चांगली बाटली बॅगेत टाकायचा मोह झाला होता, पण विमानात ज्वलनशील काही चालत नाही, तेव्हा तुम्हीही तो विचार सोडा. डिसेंबरात संध्याकाळी स्वेटर लागतो, तो मात्र न्या.

दादा-वहिनी राजधानीत, मनामात जुन्या बाजाराजवळ राहतात. वहिनीने कुळथाचं पिठलं करून ठेवलं होतं. जेवताना दादाने सगळं सांगितलं. बुदैया गावात फैसल नावाचा एक बहारीनी गृहस्थ राहतो. त्याचे वडील तरुणपणी एका थंड देशात शिकायला होते. येताना त्यांनी तिथली जुनी स्नोमोबाइल जहाजातून आणली. पुढे दोन पट्ट्या, मागे रबराचा पट्टा, अशी बर्फावर पळणारी गाडी. दर हिवाळ्यात सखीरच्या वाळवंटात सहलीचे तंबू लागले की ते ओल्या वाळूवर तिची एक फेरी मारायचे. गेल्या वर्षी ते वारले. आता एक संग्राहक गाडी न्यायला येणार होता. फैसलच्या आईची एकच इच्छा होती, गाडी जायच्या आधी एकदा चालू करा, मला बसायचंय.

"पिस्टन नवे टाकलेत," दादा म्हणाला. "कुठून कुठून मागवले. दुसरा जोड मिळायचा नाही. जाम झाली तर खलास."

आणि मग हळूच म्हणाला, "मागचं गॅरेज बंद पडलं तेव्हा मी घरी बसून होतो. फैसलने शब्द टाकला म्हणून आताच्या गॅरेजात काम मिळालं."

ते बेकारीचे महिने त्याने आम्हाला फोनवर कधी कळूच दिले नव्हते. माझा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुदैयाला निघालो. बस जाते, पण हाताशी वेळ कमी असेल तर टॅक्सी करा किंवा कोणाची गाडी मिळवा. रस्ता उत्तम. एका बाजूला खजुराची शेतं, दुसऱ्या बाजूला नवे बंगले. फैसलच्या आईने आधी नाश्त्याला बसवलं. गोड शेवयांवर चक्क ऑम्लेट! याला बलालीत म्हणतात. नाक मुरडू नका, मी दोनदा घेतलं.

इथल्या जुन्या लोकांसारखं त्यांना हिंदी छान येतं. "तुम बहन है? तुम भी मेकानिक?"

"नहीं, बँक में हूँ."

"अच्छा. तो हिसाब आता है."

अंगणात गाडी उभी होती. पिवळी, रंग उडालेली. टाकीवर जुना कागद चिकटवलेला होता, त्यावर वीसास एक लिहिलं होतं. म्हणजे वीस भाग पेट्रोल, एक भाग ऑइल. दादाने त्याप्रमाणे मिश्रण करूनच ठेवलं होतं. दोरी ओढली. चौथ्या-पाचव्या ओढीला गाडी खोकली, अंगणभर निळा धूर झाला आणि ती बंद पडली. पुन्हा तेच. प्लग काढला तर काळा आणि ओला.

फैसल शांत माणूस, पण त्याचाही चेहरा उतरला. "बाटलीवर पन्नासास एक लिहिलंय," तो इंग्रजीत म्हणाला. "आपण उगाच जास्त घालतोय."

"नवे पिस्टन आहेत," दादा म्हणाला. "पन्नासाने जाम झाली तर?"

तेवढ्यात फैसलच्या आई पुढे आल्या, धुराचा वास घेतला आणि म्हणाल्या, "ये तो नाव का बास है. मेरे बाबा का नाव."

दादाने माझ्याकडे बघितलं. नाव म्हणजे होडी! मी बाटली उचलली. वर बोटीचं चित्र होतं! इथे टू-स्ट्रोक म्हणजे मासेमारीच्या बोटींची इंजिनं, त्यामुळे दुकानात हेच ऑइल पहिलं हातात देतात. बोटीचं इंजिन समुद्राच्या पाण्याने थंड राहतं. ही गाडी हवेवर थंड होणारी, तिचं इंजिन फार जास्त तापतं. तिला निराळं ऑइल लागतं.

"एवढं कसं माझ्या लक्षात आलं नाही," दादा परतताना दोनदा म्हणाला.

दुपारी मनामाच्या बाजारात भटकंती. सोन्याची दुकानं, मसाल्याच्या गोण्या, मधेच मराठी कानावर पडतं. मोटारसायकल आणि गवत कापायच्या मशीनचे भाग विकणारे हमीदभाई मूळचे रत्नागिरीचे.

"कुठची गो तू?"

"चिपळूणची."

"मग आपलीच. बस, चाय पी."

वेलची घातलेला करक, म्हणजे कडक चहा झाल्यावर त्यांनी हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचं ऑइल काढून दिलं. त्या बाटलीवरही पन्नासास एकच लिहिलेलं. आता खरा प्रश्न उरला. किती घालायचं?

गॅलरीत बसून आम्ही बराच वेळ बोललो. टाकीवरचा आकडा जुन्या, जाड ऑइलच्या काळातला. आजचं ऑइल पुष्कळ चांगलं, वीसास एक घातलं तर प्लग पुन्हा भरणार. बाटलीवरचा आकडा नव्या यंत्रांसाठी. आणि नवे पिस्टन रुळेपर्यंत थोडं जास्तच वंगण हवं. शिवाय गाडी कडाक्याच्या थंडीसाठी जुळवलेली, इथल्या उबदार हवेत तिला पेट्रोल तसंही जास्त मिळणार, त्याबरोबर ऑइलही.

"तू सांग," दादा म्हणाला. "मी तेच घालतो."

माझी स्कूटर बिघडली तर मी चालत बँकेत जाईन. इथे दादाचा शब्द पणाला लागला होता. तरी म्हटलं, "बत्तीसास एक. चार लिटरला सव्वाशे मिली."

तो फक्त "बरं" म्हणाला. पुढचा सगळा दिवस मी किल्ले, संग्रहालय बघत फिरले, पण डोक्यात सव्वाशे मिलीच होते.

सखीरला जायच्या सकाळी पंपावर थांबलो. इथे साध्या पेट्रोलला जय्यद आणि वरच्या प्रतीच्या पेट्रोलला मुमताज म्हणतात. जुन्या इंजिनाला जय्यद पुरलं असतं, पण उष्णतेत इंजिनात ठोके नकोत म्हणून आम्ही मुमताज घेतलं. शिळं पेट्रोल आधीच उपसलं होतं. तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर ऐका. मिश्रण टाकीत करू नका. वेगळ्या डब्यात अर्ध्या पेट्रोलमध्ये ऑइल घालून हलवा, मग उरलेलं ओता.

आदल्या दिवशी पावसाची सर येऊन गेली होती, वाळू दबलेली. बर्फात धूळ नसते म्हणून या गाडीला एअर फिल्टरच नाही. दादाने फोमचा तुकडा कापून कार्बुरेटरच्या तोंडाला बांधला. फैसलच्या आई खुर्ची टाकून बसल्या.

दादाने दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा ती जी फटफटली, ती चालूच राहिली. धूर आला, पण विरळ. दादाने थोडा वेळ चालवून मुद्दाम बंद केली, प्लग काढला आणि माझ्यासमोर धरला. चॉकलेटी, कोरडा. इतका सुंदर रंग मी आजवर बघितला नव्हता. मी तिथेच वाळूत बसले.

फैसल पुढे, त्याच्या आई मागे. "यल्ला! चलो!" म्हणाल्या. गाडी तंबूंना वळसा घालून आली. मग दुसरा वळसा. दर वळणावर मी कान देऊन ऐकत होते, पण आवाज एकदाही अडखळला नाही. त्या उतरल्या तेव्हा डोळे पुसत हसत होत्या.

"वो इससे भी तेज़ चलाता था," मला म्हणाल्या. "मैं बहुत डाँटती थी."

फैसलने दादाला मिठी मारली. दादा ऑइलचे हात मागे धरून अवघडून उभा होता, आणि मग मोठ्याने हसला. शेजारच्या तंबूतली माणसं वळून बघायला लागली.

परत येऊन आठवडा झाला. फोटो थोडेच निघाले. बहारीन छोटं आहे, चार दिवसांत बघून होतं. हिवाळ्यातच जा, सखीरला कोणाच्या तंबूत चहा मिळाला तर नाही म्हणू नका.

मी पोचले त्या संध्याकाळी आईने दारातच विचारलं, "दादा कसा आहे?" आजवर आम्ही सगळे या प्रश्नाला "बरा आहे" म्हणत आलो, फोनवर ऐकलेलं तसंच पुढे सांगत. या वेळी मी तिला बसवलं आणि त्याचं ते हसणं सांगितलं, शेजारी वळून बघतील असं.

"इतक्या जोरात?" आईने विचारलं.

"इतक्या जोरात."

"मग बरा आहे," ती म्हणाली आणि माझ्या हातातली बॅग घेऊन आत गेली.