पांढऱ्या रुमालाची ठिगळं

जिपारला शिवण येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. नर्सिंगच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. माणसाच्या दंडात सुई टोचायला सांगा, पोरगी बिनधास्त टोचेल. कापडात चार टाके सरळ घालायला सांगा, की संपलंच! माझ्या मधल्या दिरानं, सामातनं, तिला आमच्या नारीन शहरातल्या बसथांब्यावरून मित्राच्या गाडीत कोंबून घरी आणली, तेव्हा तिच्या पिशवीत वह्या होत्या. सासू उंबऱ्यात आडवी झाली. म्हातारीला ओलांडून बाहेर पळायची कुणा पोरीची छाती होत नाही. मग पडद्यामागं बसवून तिच्या डोक्याला पांढरा रुमाल बांधला. तो एकदा बांधला की पोरगी त्या घरची सून. बांधला कुणी? मी. थोरल्या जावेचा मान म्हणे. जळला मेला तो मान.

दोन महिन्यांत सामात मॉस्कोला बांधकामावर निघून गेला. जिपार उरली गाईंपाशी, चुलीपाशी आणि आमच्यापाशी. तिला एकच ध्यास, माहेर. पण सासू पाठवील तेव्हाच नवी सून माहेरी जाते, आणि जाते तीही भरल्या हातानं. वर्ष उलटलं तरी आपा, सासूला आम्ही आपा म्हणतो, विषयच काढेना. शेवटी एकदा शेजारणी चहाला बसल्या होत्या, तेव्हा जिपारनंच धीर केला.

"आपा, आईला बरं नाही म्हणतात. जाऊन येऊ?"

"जा की! तुला काय बांधून ठेवलंय?" आपा सगळ्यांकडे बघत म्हणाली. "आधी एक कुराक शिवून दाखव. तीच घेऊन जा आईला. लेक काय शिकली ते तिलाही दिसू दे."

कुराक म्हणजे आमची ठिगळांची गोधडी. जुने कपडे, पडदे, पलंगपोस, जे घरात असेल त्याचे त्रिकोण कापायचे, जोडायचे, आत लोकर भरायची. जिपारनं सासऱ्यांचा कोट फाडला, माझे दोन झगे फाडले आणि कामाला लागली. पहिल्या खेपेला सगळे त्रिकोण तिरके कापले. कापड ओढलं गेलं आणि गोधडीला चारी बाजूंनी झोल आला. आपानं कात्री घेऊन शिवण उसवली. दुसऱ्यांदा टोकं जुळली नाहीत. उसवली. तिसऱ्यांदा टोकं जुळली, मलाही खोड काढता आली नसती. आपानं गोधडी उलटीपालटी केली आणि म्हणाली, "नुसता अंधार आहे हा! पांढरं कुठंय यात?"

परत उसवली.

जिपार रडली नाही. सुटे त्रिकोण मांडीवर रचत म्हणाली, "ताई, ही गोधडी पुरी व्हायचीच नाही. मला आता कळलंय."

मी उठले, पेटी उघडली आणि तळातून तो रुमाल काढला. कडेला विणलेली जाळी, मध्ये पिवळट पडलेला. जिपारच्या आधी तो माझ्या डोक्याला बांधला होता, अठरा वर्षांपूर्वी. माझ्या आधी खुद्द आपाच्या.

"हे घे पांढरं. काप."

"कशाचं आहे?" तिनं विचारलं. त्या दिवशी तिनं डोळे गच्च मिटून घेतले होते, तिला काय ओळखू येणार.

"जुनं आहे. पडून होतं," मी म्हटलं.

खरं सांगते, तिच्यासाठी नव्हतंच ते. सगळ्यात धाकटा दीर एर्मेक लग्नाचा झालाय. पुन्हा कुणाच्या पोरीला पडद्यामागं दाबून धरायचं माझ्यानं होणार नव्हतं. पण कात्री स्वतः चालवायची हिंमत नाही, म्हणून तिच्या हातात दिली. भित्री ती भित्रीच.

आठ दिवसांत कुराक तयार झाली. आपाचं बोट ठिगळांवरून फिरत गेलं आणि एका जाळीपाशी थांबलं.

"हा कुणी कापला?"

"मी," जिपार म्हणाली.

आपाचा चेहरा पांढराफटक पडला. "या घरचा रुमाल या घराबाहेर जात नाही. गोधडी इथंच राहील. आणि तूही."

जिपारनं गोधडीची कड मुठीत धरली. मला तिच्याकडे बघवेना.

"मी दिला," मी म्हटलं. अठरा वर्षांत आपासमोर पहिल्यांदा आवाज चढला माझा. "पोरीला माहीतसुद्धा नव्हतं. एर्मेकच्या बायकोला मी तो बांधणार नाही, म्हणून दिला!"

"तुझी जीभ झडो!"

"झडू दे. पण शेजारणींसमोर शब्द दिलाय तुम्ही. सगळ्या गावाला सांगू, आपा शब्दाला जागत नाहीत म्हणून?"

आपानं गोधडी माझ्यापुढं टाकली आणि म्हणाली, "पांढरे तुकडे काढ. ही जाऊ दे. पण रुमाल होता तसा जोडून द्यायचा. तू."

"देईन."

मी एकेक पांढरा त्रिकोण उसवला. भोकं पडली तिथं काय लावायचं? पेटीत माझा शाळेचा एप्रन होता, शेवटच्या दिवशी घालतात तो पांढरा. त्याच दिवशी शाळेच्या फाटकातून उचललं होतं मला. तो कापला. जिपारनं शिवला. एकूण एक टोक जुळलं.

सकाळच्या गाडीला मीच तिला पोचवायला गेले. गोधडी छातीशी धरून ती म्हणाली, "ताई, मी परत..."

"मला सांगू नकोस," मी म्हटलं. "आपानं विचारलं तर मला खोटं बोलता येत नाही. बस जा गाडीत."

पाच आठवडे झाले. आली नाही. न येवो. माझ्या पदरी दोन पोरं आहेत, नवरा आहे, गाई आहेत. मी कुठं जाते!

आपा रोज विचारते, "किती झाला?" परवा एर्मेक अंगणात मित्राशी गाडीचं बोलत होता, तेही मी ऐकलं. रुमाल मी जोडतेय, दिलेला शब्द आहे. तुकडे नीट शेजारी शेजारी बसवते, आपाच्या कमी झालेल्या नजरेला शिवण दिसूसुद्धा नये असे. फक्त टाके लांब घालते आणि दोऱ्याला गाठ मारत नाही. कुणा पोरीनं डोक्यावरून एक हिसडा दिला की सगळा तिच्या हातात येईल.