तुळसाबाईच्या परसातली गादी

तुळसाबाईनं नवऱ्याला गादीत गुंडाळून परसात पुरला, ही कुजबुज मालेगावच्या बाजारापर्यंत पोचली होती. बाहत्तरचा दुष्काळ सरून विहिरींना पाणी आलं होतं आणि लोकांना पुन्हा दुसऱ्याच्या घरात डोकवायला सवड मिळाली होती. पुरावाही होता. उन्हाळ्यात शेजारच्या केशरबाईनं कुंपणावरून तिला जानरावची गादी खड्ड्यात लोटताना पाहिलं होतं. जित्या माणसाचं अंथरूण कोणी मातीत घालतं का? त्यात श्रावणापासून जानराव गावात दिसला नव्हता. गादी आधी गेली आणि माणूस नंतर, हा हिशेब कोणी केला नाही. केशरबाईनं पाहिली ती गादी. आतला माणूस तिनं पदरचा घातला.

तुळसाबाईचं परस म्हणजे नुसता मुरूम. तिथं हळद लावते म्हणाली, तेव्हा जानराव हसला होता आणि मिशीवर हात ठेवून काहीबाही बोलूनही गेला होता. हळद नऊ महिने जमिनीत राहणार, तिला वरवरची माती पुरत नाही, हे तुळसाबाई जाणून होती. तिनं कंबरभर चर खणला. पाणी साचू नये म्हणून तळाला छपरावरचे फुटके कवेलू, त्यावर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या. त्यावर गादी, कारण जुना कापूस ओल धरतो. मग शेणखत नि राख, आणि वर तलावाचा गाळ. भाद्रपदात पानं तिच्या खांद्याला लागली.

तेव्हा चुलत दीर जगदेव चार माणसं आणि कुदळ घेऊन आला.

"वयनी, बाजूले व्हा. भाऊ कुठं हाय ते पाहू द्या."

"भाऊ पायजे का माह्या हळदीचं बूड? तुमची हळद सडली म्हनून माही उकरता काय?"

जगदेवनं कुदळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "गाव काय म्हनून राह्यलं, मालूम हाय ना? मंग भाऊ कुठं गेला ते सांगा."

एका वाक्यात सुटका होती. पण नवऱ्याची फजिती घरात कितीही करावी, चार लोकांत करू नये, असं तिचं मत. ती चराच्या काठावर मांडी घालून बसली.

"पाचव्या महिन्यात बाईचं पोट उकलून लेकरू पाह्यता का? माघात खनीन, साऱ्या गावानं या. तवर ज्यानं कुदळ लावली, त्याले खरंच पुरीन. गादी मात्र भेटनार नाही."

सोबतचे हसले, तसा जगदेव परतला.

गाव मात्र हटलं नाही. विहिरीवर बायका घागरी बाजूला घेत. ती मुद्दाम गर्दीच्या वेळीच जाई. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला कोणी बोलावलं नाही. ती न बोलावता गेली, कपाळ पुढं केलं आणि वाण घेऊनच उठली.

माघात सारं गाव कुंपणाशी जमलं. गड्डे निघाले ते तान्ह्या पोराच्या मुठीएवढाले. टोपली उचलायला दोघं लागले. ती आणखी खाली खणत गेली. काळी भुसभुशीत माती, कुजलेल्या गादीचा टाके घातलेला कोपरा, मग कवेलू. हाड एकही नाही.

"झालं पाहून?" ती म्हणाली. "आता माती लोटाले हात लावा."

तेवढ्यात मागून एक मिशी उतरवलेला, गुळगुळीत ओठाचा माणूस पुढं आला. केशरबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "पाव्हने, कोन वारलं?"

"कोनी नाही, वयनी," जानराव म्हणाला.

जानराव मेला नव्हता. परसात हळद आली तर मिशी काढीन, असं तो बायकोला बोलून बसला होता, आणि हळद आली म्हणून शेलूबाजारला बहिणीकडे पळाला होता. गादीत ढेकूण होते.